लोणारची साक्ष

केवळ बुद्धीच्या बळावर ज्ञान मिळू शकते काय, हा तत्त्वज्ञानातील जुना वाद. त्याचा निवाडा करू पाहणाऱ्याने बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवराकाठी क्षणभर उभे राहावे.

१८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली. पुढे दीर्घकाळ अनेक जाणकार त्यास ज्वालामुखीचे मुख मानीत. तर्क वरकरणी निर्दोष होता. दख्खनचे पठार लाव्हारसाचे. तेव्हा त्यातील हा गोल खळगाही त्याच अग्नीचा असणार! परंतु १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम यांनी विवराच्या तळातून छिद्रे पाडून काढलेल्या खडकांत मॅस्केलिनाइट ही काच दाखवून दिली. ती ज्वालामुखीत घडत नाही. त्यासाठी प्रचंड आघाताचा दाब लागतो. विवर अशनिपाताचे ठरले.

आपल्या नैयायिकांनी हे मर्म पूर्वीच ओळखले होते. पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते. पण धूर आणि अग्नी यांचे साहचर्य आधी स्वयंपाकघरात पाहिलेले असावे लागते. लोणारबाबत हे साहचर्यच गृहीत धरले गेले होते.

गणिताचे काय, असे कोणी विचारील. व्यास कळला की परीघ काढण्यास लोणारला जावे लागत नाही, हे खरे. मात्र तो व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, हे सांगण्यासाठी कोणाला तरी तेथे जावेच लागते.

याचा अर्थ तर्क निरुपयोगी, असा मुळीच नव्हे. नुसता अनुभव मुका असतो. शतकानुशतके लोकांनी हे विवर पाहिले. पण कोणता दगड साक्ष देईल, हे तर्कानेच सुचविले. विवराचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार, तर दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. दगड तेच; त्यांची जबानी कशी वाचावी, हा प्रश्न पुन्हा बुद्धीचाच.

म्हणून शिक्षकांना एक विनंती करावीशी वाटते. ‘लोणार अशनिपाताने झाले’ हे वाक्य पाठ करून घेण्यात ज्ञान नाही. विद्यार्थ्यांना प्रथम अंदाज करू द्यावा. मग विचारावे, ‘तुमचा अंदाज चुकला आहे, हे कशावरून कळेल?’ या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलेला विद्यार्थी गुण किती मिळवील, ते सांगता येत नाही; पण तो सहजासहजी फसणार नाही.