चिनी बचनाग : ऊब देतो, पण उकळल्यावरच



पौषाची थंडी पडली की घरातले एखादे म्हातारे माणूस चुलीपुढून हलत नाही. हातपाय गार, अंगात उत्साह नाही, पहाटे पोट बिघडते, गार पाणी नको वाटते. चीनमधील वैद्य अशा माणसाची नाडी व जीभ पाहून सांगतो, याचा 'यांग' कमी झाला. यांग म्हणजे शरीरातील ऊब आणि चलनवलन. त्याची जोड 'यिन', म्हणजे गारवा व ओलावा. विझत आलेली ही चूल पेटवण्यासाठी त्यांचे जहाल औषध म्हणजे 'फू-त्झ'. हा बचनागाच्याच कुळातला कंद. बचनाग म्हटल्यावर जुनी माणसे दचकतील, आणि ते योग्यच आहे. पण परदेशी नोकरीला असलेला मुलगा उद्या आईसाठी अशी पुडी घेऊन आला, तर ती काय आहे हे घरात ठाऊक असावे.

मी वैद्य नव्हे, शेतीचा माणूस. म्हणून आधी पीक सांगतो. सिच्वान प्रांतातील च्यांगयौ भाग यासाठी फार पूर्वीपासून नावाजलेला आहे. लावण डिसेंबरात, काढणी जूनअखेरीपासून. हळदीत जसा जेठा गड्डा आणि त्याला फुटलेली हळकुंडे, तसा यात मूळ कंद आणि त्याला बिलगलेले लहान कंद. फू-त्झ या नावाचा अर्थच 'चिकटलेले पोर'. वसंतात तिथले शेतकरी बुडाची माती उकरून बारीक कंद खुडतात आणि मोजकेच ठेवतात, म्हणजे ते चांगले पोसतात. मोठे किचकट काम! काढलेला कंद लवकर सडतो. म्हणून मीठ तयार करताना उरणाऱ्या कडू खारवणात तो भिजत घालतात. मग उकळायचा, पाण्यात ठेवून खार काढायचा, चकत्या करून वाफवायच्या आणि वाळवायच्या.

एवढा खटाटोप विषापायी. कच्च्या कंदात अॅकोनिटीन असते. त्याचे दोन-तीन मिलिग्रॅमही माणसाचा जीव घेऊ शकतात. पाण्यात खूप वेळ उकळले की ते फुटून बरेच सौम्य होते. सौम्य होते, नाहीसे होत नाही. म्हणून तयार चकत्यासुद्धा घरी आधी वेगळ्या, निदान अर्धा ते एक तास उकळतात आणि बाकीची औषधे मागाहून घालतात. चीनच्या सरकारी औषधकोशात मात्रा ३ ते १५ ग्रॅम दिली आहे. ती किती घ्यायची, हे शिकलेल्या वैद्यानेच ठरवावे. गरोदर बाईला हे औषध वर्ज्य. सर्वांत वाईट म्हणजे कच्चा कंद दारूत भिजवून ठेवणे. सांध्याला चोळायची ती बाटली कोणी चुकून प्यायले आणि दगावले, असे चीनमध्ये वारंवार घडले आहे.

शिवाय प्रत्येक गारठ्याला फू-त्झ कशाला? चांग चुंगचिंग हा त्यांचा थोर वैद्य सुमारे १८०० वर्षांपूर्वी होऊन गेला. फू-त्झ, सुंठ आणि ज्येष्ठमध यांचा काढा त्याने सांगितला, तसाच आले घालून केलेला मटणाचा रस्साही सांगितला. त्यात एक चिनी मुळी पडते एवढेच.

आणि एक गोष्ट आधी करा. सतत थंडी वाजणे, थकवा, अंगावर सूज ही थायरॉईड मंदावल्याची, रक्त कमी झाल्याची किंवा हृदय-मूत्रपिंडाच्या आजाराचीही लक्षणे असतात. यांग मोजायचे यंत्र नाही, रक्त मात्र तपासता येते. तपासणीआधी काढा उकळत बसू नये.

आपल्याकडेही आयुर्वेदात बचनाग गोमूत्रात किंवा दुधात शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत. त्यात नावांचा घोळ असा, की बांधावरच्या कळलावीलाही काही भागांत बचनागच म्हणतात. ती वनस्पती वेगळी, विष वेगळे, पण तीही जीवघेणीच.

फू-त्झ घेतल्यावर ओठ-जीभ बधिर झाली, मुंग्या आल्या, उलटी झाली, छातीत धडधडू लागले, तर घरगुती उतारा करत बसू नका. या विषावर हमखास उतारा नाही. हृदयाचे ठोके बिघडतात आणि ते सांभाळायला मोठे रुग्णालयच लागते. उरलेला काढा आणि पुडी बरोबर न्या. पुडीवरचा मजकूर चिनी असला तरी न्या, वाचणारा सापडतो.