अंदमानला जावे, पण विचारून

दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास नैऋत्य मोसमी वारे अंदमानात दाखल झाल्याची बातमी येते आणि पाथर्डी-शेवगावपासून कर्जत-जामखेडपर्यंतचा शेतकरी ती दोनदा वाचतो. पाऊस अंदमानात आला म्हणजे तीनेक आठवड्यांत तो आपल्या बांधावर येईल, हा हिशेब त्याच्या मनात पक्का असतो. नेमक्या त्याच आठवड्यात याच जिल्ह्यातील काही कुटुंबे मुलांच्या सुट्टीचे निमित्त साधून अंदमानच्या सहलीला निघालेली असतात. एकाच बातमीने गावातील एकाला हायसे वाटावे आणि दुसऱ्याची, वर्षभर पैसे साठवून आखलेली सहल हॉटेलच्या खिडकीतून पाऊस पाहण्यात सरावी, हा योग विचित्र खरा. परंतु तो टाळता येण्याजोगा आहे. बातमी दोघांनीही वाचलेली असते. एकाने ती आपल्या कामाशी जोडली, दुसऱ्याने जोडली नाही, इतकेच.

सहल कंपनीच्या बावट्यामागून चालण्याऐवजी स्वतःच बेत आखून अंदमानला जाण्याकडे मध्यमवर्गीयांचा कल अलीकडे वाढत आहे. या प्रवृत्तीचे स्वागत केले पाहिजे. सहल कंपन्यांनी मराठी माणसाला घराबाहेर काढले, त्याला परमुलखात पिठले-भाकरी खाऊ घातली, हे त्यांचे ऋण कोणी नाकारणार नाही. परंतु सहा दिवसांत चार बेटे उरकण्याच्या घाईत सेल्युलर जेलसारख्या वास्तूच्या वाट्याला तासभर यावा आणि खरेदीला दोन तास मिळावेत, ही तक्रारही जुनीच आहे. तेव्हा आपली सहल आपण ठरवावी, हे ठीक. प्रश्न आहे तो ती ठरवताना आपण कोणाचे ऐकतो हा.

बहुतेक ठिकाणी घडते ते असे. शेजारचे कुणी गेल्या वर्षी जाऊन आलेले असतात. त्यांचा कार्यक्रम भ्रमणध्वनीवर मागवून घेतला जातो, तारखा तेवढ्या बदलल्या जातात आणि विमानाची तिकिटे निघतात. स्थानिक माणसाला विचारण्याची वेळ येते ती तेथे पोहोचल्यावर, म्हणजे त्याच्या सांगण्याचा उपयोग करून घेण्याची संधी निघून गेल्यावर. जो पाच दिवस राहून आला, तो कोठे काय खाल्ले आणि सूर्यास्त किती सुंदर होता, हे सांगू शकतो. बोट कोणत्या वाऱ्यात सुटत नाही, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याची बोट सुटली होती.

ही गोष्ट नगरकरांना तरी समजावून सांगावी लागू नये. आपण केवळ प्रवासी नाही, यजमानही आहोत. अकोले तालुक्यातील साम्रद गावाजवळच्या सांदण दरीचे उदाहरण घ्या. दोन्ही बाजूंनी उभे कडे, मधून अरुंद वाट. उन्हाळ्यात हीच वाट मुलाबाळांनाही काही अंतर चालता येते आणि पावसाळ्यात तीच पाण्याचा लोट वाहून नेणारी नळी होते. गावातला कोणताही माणूस सांगेल की, आभाळ भरले असता आत शिरू नये. तरीही शहरातून आलेली मंडळी त्याच्याकडे अडाणी समजून पाहतात आणि आपल्या हातातल्या यंत्रावरचे छायाचित्र त्याला दाखवतात. भंडारदऱ्याच्या परिसरात मृगाच्या आधी हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर काजव्यांची आरास लागते, ती पाहायला मोटारींच्या रांगा लागतात. आणि ज्या अंधारासाठी यायचे, तो अंधारच मोटारींच्या दिव्यांनी नाहीसा करून लोक परततात. गावकऱ्यांनी दिवे मालवा म्हटले, तर त्यांच्याशी हुज्जत घालतात. ही माणसे दुष्ट नसतात; ती विचारल्यावाचून आलेली असतात. अंदमानात आपण तशीच वागणूक करून येत नाही ना, हे ज्याने त्याने तपासावे.

अंदमानच्या बाबतीत पहिला सल्ला घ्यावयाचा तो पंचांगाविषयी. आपल्या शाळांना सुट्ट्या दोन: दिवाळीची आणि मे महिन्याची. बेटांचे ऋतुमान मात्र या सुट्ट्या पाहून ठरलेले नाही. मेच्या उत्तरार्धात नैऋत्येचा पाऊस लागतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्येचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातील वादळे यांचा भरवसा नसतो. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच वादळी हवेमुळे हॅवलॉक व नील या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले आणि त्यांना आणण्यासाठी नौदलाची जहाजे पाठवावी लागली. समुद्र शांत आणि हवा निवळ असते ती सर्वसाधारणपणे जानेवारीपासून एप्रिलपर्यंत. ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुले नाहीत, त्यांनी, विशेषतः निवृत्त जोडप्यांनी, या काळाखेरीज दुसरा विचार करू नये. मुले असतील, तर परीक्षा संपताच, एप्रिलच्या अखेरीस निघावे. मेच्या मध्यापर्यंत थांबू नये. आणि कोणत्याही महिन्यात गेले तरी परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी दूरच्या बेटावर राहू नये. एक मोकळा दिवस मुख्य शहरात हाताशी ठेवावा. सहल कंपनीच्या छापील पत्रकात असा मोकळा दिवस क्वचितच असतो, कारण मोकळा दिवस विकता येत नाही.

दुसरी बाब सूर्याची. घड्याळ एकच असले, तरी अंदमान नगरच्या सुमारे अठरा रेखांश पूर्वेला आहे. म्हणजे तेथे सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास आधी उगवतो आणि आधी मावळतो. डिसेंबरात पाच-सव्वापाचलाच दिवस बुडतो. सकाळी आठला आरामात उठून, न्याहारी करून, दहाला बाहेर पडणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस तेथे वाया गेलेला असतो, आणि दुपारी चारनंतर त्याला कोणी समुद्रावर नेत नाही. तेथल्या माणसाने हे एका वाक्यात सांगितले असते.

परंतु ज्या प्रश्नाकडे नगर जिल्ह्यातल्या माणसाने अधिक जिव्हाळ्याने पाहावे, तो पाण्याचा. अंदमानात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या पूर्वेकडील तालुक्यांत पाचशे-सहाशे पडला, तर वर्ष चांगले गेले असे आपण म्हणतो. तेव्हा तीन हजार मिलिमीटरच्या मुलखात पाण्याची टंचाई कशी असेल, असे कोणासही वाटेल. पण अकोल्याच्या घाटघर-रतनवाडीकडे बोट दाखवले की कोडे सुटते. जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणवणाऱ्या त्या पट्ट्यातले पाणी डोंगरउतारावरून वाहून जाते आणि उन्हाळ्यात तिथल्याच आदिवासी वस्त्यांमधील बायका हंडे घेऊन दूरवर जातात. अंदमानातही डोंगर उभे, नद्या आखूड, आणि पडलेला पाऊस हां हां म्हणता समुद्राला मिळतो. राजधानीच्या शहराची तहान मुख्यतः धनीखाडीच्या धरणावर भागते आणि मार्च-एप्रिलपासून नळाला दिवसाआड, कधी त्याहूनही उशिराने पाणी येते. आपल्याकडे टँकरची वाट पाहणाऱ्या घरातील माणूस तेथे हॉटेलात जाऊन पैसे मोजले आहेत म्हणून अर्धा तास फवाऱ्याखाली उभा राहतो, तेव्हा तो पाणी कोणाच्या हंड्यातले वापरतो, हे त्याला कोणी सांगत नाही. एप्रिलमध्ये जा, असे मी वर म्हटले. त्याला ही पुस्ती जोडणे भाग आहे. उतरण्याची जागा ठरवताना पावसाचे पाणी साठवण्याची सोय तेथे आहे काय, हे विचारावे, आणि एका बादलीत आंघोळ उरकण्याची आपली सवय तेथेही सोडू नये.

आता विचारायचे कोणाला? स्थानिक सल्ला या शब्दाला फार भाबडेपणाने कवटाळण्यात अर्थ नाही. शनिशिंगणापूरच्या रस्त्यावर गाडीला येऊन लटकणाऱ्या लटकूंची ओळख ज्यांना आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. तोही स्थानिकच, आणि सल्लाही देतोच. न मागता मिळालेल्या सल्ल्यात सांगणाऱ्याची दलाली असते, हे गृहीत धरून चालावे. ज्याचा त्या उत्तरात पैसा गुंतलेला नाही, त्याला विचारावे: समुद्राविषयी धक्क्यावरच्या खलाशाला, खाण्याविषयी रिक्षावाल्याला, रस्त्याविषयी शाळेतल्या शिक्षकाला. भाषेची अडचण नाही. तुरुंगवसाहतीत देशाच्या सर्व प्रांतांतून आणलेल्या कैद्यांची हिंदुस्थानी ही तेथली बोली झाली. १९४२ च्या जपानी आक्रमणाआधीपासून तेथे असलेल्यांचे वंशज, फाळणीनंतर आलेले बंगाली निर्वासित शेतकरी, तमिळ, तेलुगू, रांचीकडून आलेले मजूर असे सारेजण ती बोलतात, आणि आपल्या मोडक्या हिंदीला हसत नाहीत.

नावांचा थोडा गोंधळ होईल. २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचे स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले; २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. त्याच वर्षी आपल्या अहमदनगरचे अहिल्यानगर झाले आणि एसटीच्या थांब्यावर लोक अजूनही 'नगर, नगर' असेच ओरडतात. तेथल्या धक्क्यावरही जुनी नावे ऐकू येतील. तिकीट काढताना दोन्ही नावे ठाऊक असलेली बरी.

समुद्राच्या बाबतीत मात्र कोणाशी वाद घालू नये. खाऱ्या पाण्यातील मगरी अंदमानच्या खाड्यांत आहेत आणि २०१० साली हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याजवळ एका परदेशी युवतीचा मगरीने बळी घेतला. तेथे जाळे किंवा फलक लावलेला असेल, तर तो शोभेसाठी लावलेला नाही. वांडूर येथून ज्या सागरी राष्ट्रीय उद्यानात जावयाचे, तेथील जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटे आळीपाळीने खुली ठेवतात, प्रवाळांना विसावा मिळावा म्हणून. जॉली बॉयवर प्लास्टिकची बाटली नेता येत नाही. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा मुलाने खिशात घातला, तरी तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरतो आणि विमानतळावर सामान तपासताना सापडतो. ही बंधने जाचक वाटतील. पण हरिश्चंद्रगडावर प्लास्टिकचा कचरा वेचणाऱ्यांना विचारा, ती जाचक वाटतात काय.

एक सल्ला असा आहे की, तो स्थानिकाने दिला तरी घेऊ नये. बाराटांगकडे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा जमातीच्या राखीव अरण्यातून जातो. गाड्या ठरावीक वेळी, पोलिसांच्या देखरेखीखाली तांडा करून सोडतात. मध्ये थांबणे, छायाचित्रे काढणे, खाऊ देणे याला बंदी आहे. या रस्त्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच तो बंद करण्याचा आदेश दिला होता, हे पुष्कळांना माहीत नसते. २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना खाद्यपदार्थांच्या मोबदल्यात नाचायला लावल्याचे चित्रण जगासमोर आले, तेव्हा साऱ्या देशाची मान खाली गेली. 'जारवा दाखवतो' असे कोणी हळू आवाजात म्हणाला, तर त्याच्या गाडीतून उतरावे. यात केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. १९९९ साली जारवांमध्ये गोवराची साथ पसरली होती. आपल्या अंगावरचा साधा आजार ज्यांच्या जमातीचा घास घेऊ शकतो, त्यांच्यापासून दूर राहणे हेच त्यांना भेटणे. २०१८ च्या नोव्हेंबरात उत्तर सेंटिनल बेटावर उतरलेला अमेरिकन तरुण मारला गेला. त्याला तेथवर नेणारे मच्छीमार स्थानिकच होते, आणि त्यांनी त्याचे पैसे घेतले होते.

शेवटी सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ या काळात उभ्या राहिलेल्या या वास्तूच्या सात बाजूंपैकी तीनच आज उभ्या आहेत. सावरकरांना १९११ च्या जुलैत येथे आणले, हे मराठी प्रवाशाला सांगावे लागत नाही. त्यांची कोठडी पाहून, डोळे पुसून तो परत फिरतो. बाकीच्या शेकडो कोठड्यांत कोण होते, हे जाणून घ्यायला त्याच्याजवळ वेळ नसतो. ज्या शहराच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात नेहरू, पटेल आणि आझाद स्थानबद्ध होते, तेथून आलेल्या माणसाला तरी तुरुंगाच्या भिंतीसमोर घाई नसावी. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, असे दोनदा जावे. आणि हाताशी ठेवलेला तो मोकळा दिवस वादळाने खाल्ला नाही, तर यासाठीच वापरावा.

जाऊन आलेल्यांना एक विनंती आहे. काय पाहिले, हे न लिहिता कोणाला काय विचारले, त्याने काय सांगितले आणि आपले कोठे चुकले, हे महिना-तारखेसह एका कागदावर लिहून काढावे. जिल्हा वाचनालयात अशा कागदांची एक वही ठेवली, तर पुढच्या वर्षी तारखा ठरवणाऱ्याच्या हाती ती तिकीट काढण्याआधी पडेल.