किनारा जनतेचा, वाट कोणाची?

दिंडोशीहून समुद्र दूर नाही. मालाड स्टेशन ओलांडून मार्वे रोडची बस धरली की अक्साची वाळू लागते. परंतु तेथून किनाऱ्यानेच मढकडे अथवा मार्वेकडे चालत जावयाचे म्हटले, तर वाट खुंटते. कोठे बंगल्याचे कुंपण आडवे येते, कोठे नौदलाची हद्द.

वस्तुतः १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० अन्वये भरतीरेषेखालील समुद्राची व खाड्यांची जमीन शासनाची, म्हणजेच जनतेची आहे. मालकी जनतेची, पण तेथवर पोहोचण्याची वाट मात्र ज्याच्यापाशी भिंत बांधण्याचा पैसा आहे त्याच्या मर्जीवर, असा हा व्यवहार आहे.

शासनाला किनारा आठवतो तो मोटारींसाठी. २०२४मध्ये खुल्या झालेल्या सागरी किनारा मार्गावर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. त्याच्या कडेची पायवाट २०२५च्या ऑगस्टमध्ये, मोटारी धावू लागल्यावर वर्षाहून अधिक काळाने उघडली. वर्सोवा-भाईंदर या नियोजित टप्प्याला गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता जोडावयाचा आहे. म्हणजे खारफुटीचा बळी देऊन दिंडोशीच्या दारात रस्ता येईल, पण तो पायी चालणाऱ्याचा नसेल.

वेल्सने २०१२ साली आपल्या किनाऱ्यालगत सुमारे १,४०० किलोमीटरची सलग पायवाट खुली केली. जुहू ते गोराई हे अंतर त्यापुढे किती? जुहू-वर्सोव्याची वाळू सलग आहे. खाड्या ओलांडण्यास वर्सोवा-मढ व मार्वे-मनोरी तरी आहेत. उरते ते अडवलेल्या वाटा मोकळ्या करणे, नौदलाच्या हद्दीला वळसा देणे आणि पिण्याचे पाणी व शौचालये पुरविणे. त्यासाठी काँक्रीट नको. अक्साच्या किनाऱ्यावरील भिंतीचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला, हे विसरता येणार नाही.

मात्र होड्या लावण्याच्या आणि मासळी वाळविण्याच्या जागांवर पहिला हक्क कोळी बांधवांचा आहे. त्यांच्या संमतीवाचून आखलेली पायवाट ही सहलीच्या नावाने केलेली नवी बेदखलीच ठरेल.

दिंडोशीला अशा लढ्याचा अनुभव आहे. १९७६च्या कमाल नागरी जमीनधारणा कायद्याखालील अतिरिक्त जमीन सामान्यांच्या घरांसाठी मिळावी म्हणून मृणाल गोरे, बाबूराव सामंत आदींच्या नागरी निवारा परिषदेने झुंज दिली, म्हणून येथे हजारो घरे उभी राहिली. तोच कायदा महाराष्ट्राने २००७ साली गुंडाळला. मिळविलेला हक्क राखण्यासही संघटना लागते. तेव्हा कार्यकर्त्यांनी कोळीवाड्यांना बरोबर घेऊन किनाऱ्याकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेची पाहणी करावी आणि तिची अधिकृत नोंद करण्याची मागणी उपनगर जिल्हाधिकाऱ्यांपुढे मांडावी. कामाचा आरंभ येथूनच व्हावयास हवा.