नशेचा बाऊ आणि पुराव्याचा दुष्काळ

डोळे मिचकावणारे, मान झटकणारे, मध्येच घशातून आवाज काढणारे मूल दिसले की शाळा त्याला शिक्षा करते आणि नातेवाईक देवऋषी सुचवतात. हा खोडसाळपणा नाही आणि बाहेरची बाधाही नाही. हा चेतासंस्थेचा विकार आहे. 1885 साली फ्रेंच डॉक्टर टुरेट यांनी त्याचे वर्णन केले. हॅलोपेरिडॉलसारख्या गोळ्यांनी टिक्स कमी होतात, पण सुस्ती आणि अंगाचा ताठरपणा मागे लागतो. म्हणूनच गांजातील टीएचसी आणि सीबीडी या घटकांवर संशोधन सुरू आहे.

हे सांगितले की आमचेच काही बांधव विचारतात, "मग पाचव्या शीलाचे काय?" शील प्रमाद घडवणाऱ्या नशेपासून दूर राहायला सांगते, औषधापासून नाही. विनयपिटकाच्या महावग्गात वाताने आजारी भिक्खूला भंगोदकाची, म्हणजे भांगेच्या पाण्याची, मुभा आहे. पण हा दाखला टिक्सच्या औषधाचा पुरावा नव्हे. ग्रंथात आहे म्हणून खरे मानणारे आम्ही नाही.

पुरावा काय सांगतो? 2023 मध्ये ऑस्ट्रेलियातील 22 प्रौढ रुग्णांच्या चाचणीत टीएचसी-सीबीडीने टिक्स लक्षणीय कमी झाल्या. मात्र काहींची स्मरणशक्ती आणि एकाग्रता मंदावली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील 97 रुग्णांच्या चाचणीत तोंडात फवारायचे औषध मुख्य कसोटीवर उतरले नाही. म्हणजे आशा आहे, खात्री नाही. तरीही 'नैसर्गिक तेल' म्हणून बाटल्या विकणारे खात्री देतात! या दोन्ही चाचण्या प्रौढांवरच्या होत्या. वाढत्या मेंदूला टीएचसीचा धोका असतो. लेकराला घरी भांग पाजणे हा उपचार नाही.

1985 चा एनडीपीएस कायदा वैद्यकीय आणि वैज्ञानिक वापराला वाव देतो. मग सरकारी रुग्णालयांतून आपल्याकडे अशा चाचण्या का होऊ नयेत? उद्या औषध सिद्ध झाले तर ते महागड्या दवाखान्यापुरते राहणार आणि वस्तीतल्या पोराच्या वाट्याला फक्त पोलिसांचा दंडुका येणार का?

आमची मागणी साधी आहे. टिक्ससाठी पहिला उपाय मानली जाणारी वर्तनोपचार पद्धती जिल्हा रुग्णालयात मोफत मिळाली पाहिजे. शिक्षकांना या विकाराची माहिती दिली पाहिजे. संशोधन सरकारी पैशातून आणि उघडपणे झाले पाहिजे. अंधश्रद्धा अंगाऱ्याची असो की बाटलीतल्या तेलाची, तिची किंमत आजारी लेकरूच मोजते.

जय भीम!