वर्तुळं काढू, की कोष्टक?

नववीच्या बीजगणितात 'संच' आले, की पुष्कळ आया वही बाजूला सारतात. "हे मला नाही बाई जमायचं, बाबांना विचार." पण मैत्रिणींनो, ही गणितं आपण घरात रोजच करतो. मुलाला भीती वाटते ती आकड्यांची नसते. तीन रीती असतात आणि त्यांतली कोणती घ्यावी हे कळत नाही, म्हणून तो अडतो.

समजा, भिशीला 40 जणी येणार. 22 जणींना चहा चालतो, 17 जणींना कॉफी, आणि यांतल्या 6 जणींना दोन्ही. मग सरबत कितीजणींसाठी? 22 आणि 17 मिळून 39, म्हणून एकच पेला केलात, तर फजिती ठरलेली! त्या 6 जणी दोनदा मोजल्या गेल्या. 39 मधून 6 वजा केले की 33 उरतात, म्हणजे सरबत 7 जणींना. एवढंच विचारलं असेल तर सूत्र पुरे, चित्राची गरज नाही.

'फक्त' हा शब्द दिसला, की मात्र वर्तुळं काढायला सांगा. जॉन वेन या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाने 1880 साली ही आकृती मांडली, म्हणून तिला वेन आकृती म्हणतात. एकमेकांवर चढलेल्या भागात आधी 6 लिहायचे. मग फक्त चहावाल्या 16, फक्त कॉफीवाल्या 11, आणि बाहेर 7. बेरीज 40 आली, की उत्तर बरोबर.

तीन गोष्टी असल्या तर वर्तुळांना पर्याय नाही. सुरुवात अगदी मधून करायची. गणित आणि विज्ञान दोन्ही आवडणारे 9 असतील आणि त्यांतल्या 4 जणांना मराठीही आवडत असेल, तर फक्त त्या दोन विषयांचे 5च उरतात. मुलं नेमकी इथेच चुकतात बरं का!

आणि 'मुलगे–मुली', 'आणतात–आणत नाहीत' अशा जोड्या असतील तर सरळ कोष्टक आखा. वर्गात 60 मुलं, त्यांत 35 मुली. डबा आणणारे 20, त्यांत 12 मुली. डबा न आणणारे मुलगे किती? मुलगे 25, त्यांतले 8 डबा आणतात, उरले 17. दोन ओळी, दोन रकाने, की झालं.

तेव्हा मूल अडलं तर रागावू नका आणि उत्तरही सांगू नका. पेन्सिल उचलण्याआधी त्याला तीनच प्रश्न विचारा. गोष्टी दोन की तीन? 'फक्त' म्हटलंय का? हो–नाहीच्या जोड्या आहेत का? रीत त्याची त्यालाच सापडेल.