चिमण्यांची मोजदाद

मार्चची २० तारीख उजाडली की मुंबईस चिमणीची आठवण होते. सन २०१० पासून हा दिवस चिमणी दिन म्हणून पाळण्यात येतो. लाकडी घरटी वाटली जातात, भाषणे होतात, आणि २१ तारखेस सारे विसरले जाते. चिऊताईच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाचा हा जिव्हाळा खोटा आहे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु या शहरात पूर्वी चिमण्या किती होत्या आणि आज किती उरल्या, असे कोणी विचारल्यास छातीठोक उत्तर देता येणार नाही. त्या विपुल होत्या तेव्हा त्यांची नोंद ठेवावी, असे फारसे कोणास वाटलेच नाही. आम्हीही त्यांतलेच.

२०१२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी व अन्य संस्थांनी देशभरच्या नागरिकांकडून चिमणीविषयी माहिती मागविली. पाच हजारांहून अधिक लोकांनी ती दिली. पण पूर्वस्थिती सांगताना त्यांस स्मरणशक्तीवरच विसंबावे लागले. पुढे २०२० च्या देशव्यापी पक्षी-अहवालाने हौशी निरीक्षकांच्या तारीखवार याद्या तपासल्या, तेव्हा निराळेच चित्र दिसले. त्यापूर्वीच्या २५ वर्षांत देशातील चिमण्यांची संख्या साधारणतः स्थिर होती. मात्र मुंबईसह सहा महानगरांत ती घटत होती. तेव्हा चिमणी नामशेष होत असल्याची हाकाटी जशी निराधार, तसेच शहरवासीयांनी निश्चिंत राहणेही गैर. मोबाइलच्या मनोऱ्यांवर ठेवला जाणारा ठपकाही पुराव्याने सिद्ध झालेला नाही. घरट्यांस जागा देणाऱ्या छपरांच्या फटी गेल्या आणि पिलांस लागणारे किडे दुर्मीळ झाले, हाच संशय अधिक सयुक्तिक वाटतो.

ब्रिटनमध्ये १९७९ पासून दर जानेवारीत लोक आपल्या बागेतील पक्षी तासभर मोजतात. अशाच दीर्घकालीन नोंदींतून तेथील चिमणी निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसून आले, व २००२ साली तिचा समावेश धोक्याच्या तांबड्या यादीत झाला.

मुंबई महापालिकेने महाविद्यालयांच्या साहाय्याने असाच उपक्रम हाती घ्यावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. प्रत्येक प्रभागातील काही रस्ते, महिना व सकाळची वेळ कायमची ठरवावी. धान्यबाजाराजवळचे रस्ते घ्यावेत, तसे काचेच्या नव्या इमारतींखालचेही घ्यावेत. चिमणी दिसली नाही तर तसे शून्य मांडावे; उत्साही मंडळी नेमके तेच लिहावयाचे टाळतात. पहिल्या वर्षीच्या आकड्यांवरून काहीच सिद्ध होणार नाही, कदाचित पाचव्या वर्षीही नाही. म्हणूनच आरंभास आणखी एक चिमणी दिन उलटू देऊ नये.