धूर गेला, लढाई सुरूच

बाबांनी सिगरेट सोडून दहा वर्षं झाली. तरी दोन जिने चढले की धाप लागते. डॉक्टरांनी निदान केलं, एम्फिसीमा. पण सोडलीय ना, मग आता त्रास का?

उत्तराचा एक धागा मिळाला ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनच्या संशोधनात. फुफ्फुसं रबरासारखी ताणतात आणि परत आवळतात, ती इलॅस्टिन या प्रथिनामुळे. २००७ साली तिथल्या संशोधकांनी दाखवलं, की एम्फिसीमा झालेल्या स्मोकर्सच्या टी-पेशी या इलॅस्टिनलाच शत्रू समजतात. म्हणजे आपलीच इम्युनिटी आपल्यावर उलटते! २०१५ मध्ये याच कॉलेजच्या टीमने धुरातल्या कार्बनचे अतिसूक्ष्म कण पकडले. ते विरघळत नाहीत, फुफ्फुसातल्या पेशींत ठाण मांडतात आणि इम्युनिटीला भडकवतात. सिगरेट विझते, कण उरतात.

मग सोडून फायदा काय? आहे ना बॉस! गेलेलं परत येत नाही, पण पुढची घसरण मंदावते. जितक्या लवकर सोडाल, तितकं जास्त वाचेल.

ऑफिसखालच्या टपरीवर माझा मित्र म्हणतो, 'तिशीनंतर सोडू रे!' या रविवारी त्याला घरी बोलावलंय. बाबांबरोबर दोन जिने चढायला.